अतिरक्तदाब, हॉर्मोनजन्य (तरुणांतील)

अंतःस्रावी ग्रंथींतून (ज्यांचा स्राव नलिकेवाटे बाहेर न पडता सरळ रक्तात मिसळतो अशा ग्रंथींतून) स्रवणारी काही हॉर्मोने रक्तदाबाचे नियमन करतात. त्यांपैकी एखाद्याचे उत्पादन शरीराच्या गरजेशी संबंध न राखता वाढले म्हणजे रोहिण्यांतील रक्ताचा दाब वाढतो व वाढलेलाच राहतो. या प्रकारास हॉर्मोनजन्य अतिरक्तदाब म्हणतात. तो कोणत्याही वयात उद्‌भवू शकतो. तथापि अठरा ते चाळीस या वयोगटातील रुग्णांत त्याचा विचार अधिक अगत्याने करावा लागतो.

निरोगी तरुण व्यक्तीचा रक्तदाब विश्रांत अवस्थेत सु. १२०/८० मिमी. पारा किंवा त्याहून कमी असतो. यांतील पहिला आकडा हृदयाच्या आकुंचनाच्या वेळचा व दुसरा प्रसरणाच्या वेळचा दाब दर्शवितो. वेगवेगळ्या दिवशी मोजलेला दाब १४०/९० किंवा त्याहून अधिक भरल्यास भारतात व यूरोपात अतिरक्तदाब आहे असे मानतात. अमेरिकेत २०१७ पासून ही मर्यादा १३०/८० इतकी खाली आणली आहे. ज्याचे एकच एक कारण दाखविता येत नाही त्या अतिरक्तदाबास अज्ञातहेतुक आणि ज्याचे मूळ दुसऱ्या एखाद्या विकारात असते त्यास द्वितीयक अशी नावे आहेत. भारतात २०१९–२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी २१ टक्के व पुरुषांपैकी २४ टक्के व्यक्तींचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्या त्यासाठी औषध घेत होत्या. तरुण रुग्णांतही बहुसंख्य अज्ञातहेतुक प्रकारचेच असतात व आनुवंशिकता, लठ्ठपणा, मिठाचे अतिसेवन आणि व्यायामाचा अभाव यांचा त्यांत मोठा वाटा असतो. मग थोड्या रुग्णांतील ग्रंथिदोष शोधण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर काळाच्या हिशेबात आहे. साठीत रक्तदाब वाढलेल्या व्यक्तीच्या रोहिण्यांना तो दहा-वीस वर्षे सोसावा लागतो. पंचविशीत वाढलेल्या व्यक्तीच्या रोहिण्यांना, हृदयाला व वृक्कांना (मूत्रपिंडांना) तो चाळीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ सोसावा लागतो. शिवाय या विकारात पुष्कळदा कोणतीच तक्रार नसते. सैन्यभरतीच्या, विम्याच्या किंवा गरोदरपणातील तपासणीत दाब वाढलेला आढळतो, गोळ्या सुरू होतात आणि कारणाचा शोध तेथेच थांबतो.

रक्तदाबाचे हॉर्मोनी नियमन : प्रत्येक वृक्काच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी असते. तिचे वजन अवघे ४ ते ५ ग्रॅ. भरते. तिच्या बाहेरील भागात (बाह्यकात) अल्डोस्टेरोन, कॉर्टिसॉल इ. स्टेरॉइड हॉर्मोने आणि आतील भागात (मध्यकात) ॲड्रेनॅलीन व नॉरॲड्रेनॅलीन ही हॉर्मोने तयार होतात. यांपैकी अल्डोस्टेरोनाचे दैनिक उत्पादन मिलिग्रॅमच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतके असते. पण त्याच्या हाती असलेला कारभार मोठा आहे. वृक्कांत दररोज सु. १८० लि. द्रव गाळला जातो. त्या द्रवातील सोडियमाचा मिठाच्या रूपात हिशेब केल्यास तो दिवसाला सु. दीड किग्रॅ. होतो. यातील बहुतेक सर्व सोडियम वृक्कनलिकांत परत रक्तात शोषले जाते. अगदी शेवटी उरलेल्या दोन-तीन टक्क्यांचे काय करावयाचे, हे अल्डोस्टेरोन ठरविते. दोन टक्के ही बाब क्षुल्लक वाटेल; परंतु दीड किग्रॅ. चे दोन टक्के म्हणजे ३० ग्रॅ. मीठ, म्हणजेच माणूस दिवसभरात जेवढे मीठ खातो त्याच्या कितीतरी पट होते. अल्डोस्टेरोन वाढले की सोडियम शरीरात राहते, त्यामागोमाग पाणी राहते, रक्ताचे घनफळ व दाब वाढतो आणि त्या मोबदल्यात पोटॅशियम मूत्रावाटे बाहेर टाकले जाते.

अल्डोस्टेरोन किती तयार व्हावे, हे मुख्यतः वृक्कच सांगतात. वृक्काकडे येणारा रक्तप्रवाह किंवा मीठ कमी पडले म्हणजे त्यांतील विशिष्ट कोशिका रेनीन नावाचे एंझाइम रक्तात सोडतात. ते यकृतात तयार झालेल्या एका प्रथिनापासून अँजिओटेन्सीन–१ तयार करते. फुप्फुसांच्या केशवाहिन्यांतून जाताना दुसऱ्या एका एंझाइमामुळे त्याचे अँजिओटेन्सीन–२ बनते. हा पदार्थ रोहिण्या आकुंचित करतो आणि अधिवृक्क ग्रंथीस अल्डोस्टेरोन सोडण्याचा आदेश देतो. मीठ व दाब पुरेसे झाले की रेनीन उतरते व सारी साखळी मंदावते. या साखळीचा पहिला दुवा स्टॉकहोम येथे रॉबर्ट टिगरस्टेट व पेर बेर्गमान यांना १८९८ मध्ये सापडला. सशाच्या वृक्काचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला असता त्याचा रक्तदाब वाढतो, असे त्यांनी दाखविले. या शोधाकडे पुढे पस्तीस वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९३४ मध्ये अमेरिकेत हॅरी गोल्डब्लॅट यांनी कुत्र्यांच्या वृक्क रोहिणीवर चिमटा बसवून ती अरुंद केली आणि कायमचा अतिरक्तदाब निर्माण केला, तेव्हा रेनिनाचे महत्त्व ध्यानी आले. अँजिओटेन्सिनाचा शोध १९४० च्या सुमारास ब्वेनस एअरीझ व इंडियानापोलिस येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे लावला. दोघांनी ठेवलेल्या निरनिराळ्या नावांचे तुकडे जोडून १९५८ मध्ये आजचे नाव ठरले.

ही यंत्रणा मुळात मीठ दुर्मिळ असलेल्या परिस्थितीसाठी आहे. ब्राझील व व्हेनेझुएला यांच्या सरहद्दीवरील अरण्यात राहणारे यानोमामी लोक अन्नात मीठ घालीत नाहीत. त्यांच्या रक्तात रेनीन व अल्डोस्टेरोन यांचे प्रमाण पुष्कळ असते, तरीही १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत त्यांचा सरासरी रक्तदाब सु. ९५/६१ मिमी. पारा इतकाच आढळला व वयोमानानुसार तो वाढतही नाही. म्हणजे अल्डोस्टेरोन स्वतः शत्रू नव्हे. लोणची, पापड, सुकी मासळी व फरसाण खाणाऱ्या समाजात ते आपोआप उतरावयास हवे. आहारात मीठ भरपूर आणि रक्तात अल्डोस्टेरोनही भरपूर, हा योग मात्र घातक ठरतो.

प्राथमिक अल्डोस्टेरोनाधिक्य : अधिवृक्क ग्रंथीने रेनिनाचा आदेश नसताना आपल्याच मताने अल्डोस्टेरोन तयार करीत राहणे, यास प्राथमिक अल्डोस्टेरोनाधिक्य म्हणतात. हॉर्मोनजन्य अतिरक्तदाबाचे हे सर्वांत महत्त्वाचे कारण होय. अल्डोस्टेरोन वेगळे करण्याचे काम १९५३ मध्ये लंडनमधील सिल्व्हिया सिम्पसन व जेम्स टेट यांनी बाझेल येथील टाडेउश राइखश्टाइन यांच्या सहकार्याने केले. त्यानंतर दीड-दोन वर्षांतच या हॉर्मोनाच्या आधिक्याने होणारा रोग ओळखला गेला. ते श्रेय ॲन आर्बर (मिशिगन) येथील जेरोम कॉन यांचे आहे.

कॉन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, उष्ण व दमट प्रदेशात सैनिकांचे शरीर कसे रुळते याचा अभ्यास केला होता. काही दिवसांत त्यांच्या घामातील सोडियमाचे प्रमाण उतरते असे त्यांना दिसले व मीठ राखून ठेवणारे एखादे अधिवृक्क हॉर्मोन यामागे असावे असा तर्क त्यांनी केला होता. १९५४ मध्ये त्यांच्याकडे चौतीस वर्षांची एक स्त्री आली. सात वर्षांपासून तिला स्नायूंचे पेटके येत, अधूनमधून पाय लुळे पडत आणि तिचा रक्तदाबही वाढलेला होता. तिच्या रक्तात पोटॅशियम फार कमी होते. तिचा घाम तपासला असता त्यात सोडियम जवळजवळ नव्हतेच. जो बदल उष्ण हवेत काम करणाऱ्या सैनिकांत कारणपरत्वे घडत होता, तो या स्त्रीत अकारण घडत होता. कित्येक महिने तिच्या आहारातील व मूत्रातील क्षारांची मोजदाद केल्यावर दोष अधिवृक्क ग्रंथीत आहे असे कॉन यांनी निश्चित केले आणि दोन्ही ग्रंथी काढण्याच्या तयारीने त्या वर्षीच्या डिसेंबरात शस्त्रक्रिया झाली. प्रत्यक्षात एका ग्रंथीत ४ सेंमी. व्यासाचे अर्बुद (नवीन पेशींची अनावश्यक गाठ) आढळले. तेवढी एकच ग्रंथी काढली. रक्तदाब व पोटॅशियम दोन्ही पूर्ववत झाली. हे वर्णन १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले व विकारास कॉन लक्षणसमूह हे नाव मिळाले.

या यशस्वी निदानानेच पुढे एक गैरसमज रूढ केला. पोटॅशियम उतरलेले नसेल तर हा विकार नाही, असे मानले जाऊ लागले. स्वतः कॉन यांनी १९६५ मध्येच पोटॅशियम प्राकृत असलेल्या रुग्णांचे वर्णन केले होते आणि अज्ञातहेतुक समजल्या जाणाऱ्या अतिरक्तदाबापैकी मोठा हिस्सा, कदाचित एक पंचमांश, या प्रकारचा असावा असे मत मांडले होते. समकालीनांनी ते अतिशयोक्त ठरविले व पाठ्यपुस्तकांत एक टक्का किंवा त्याहून कमी हा आकडा कायम झाला. ज्यांचे पोटॅशियम उतरले आहे त्यांचीच तपासणी करावयाची आणि मग या रोगात पोटॅशियम उतरलेलेच असते असा निष्कर्ष काढावयाचा, असा हा चक्रक तर्कदोष होता. तो जवळजवळ तीस वर्षे टिकला.

जपानी संशोधकांनी १९८१ मध्ये रक्तातील अल्डोस्टेरोन व रेनीन यांचे परस्परप्रमाण मोजण्याची साधी कसोटी सुचविली. अल्डोस्टेरोन वाढलेले आणि रेनीन मात्र दबलेले असले की ग्रंथी आदेशाविना चालत आहे, हे त्यावरून कळते. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथील रिचर्ड गॉर्डन व त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतर ही कसोटी पोटॅशियमाची वाट न पाहता अतिरक्तदाबाच्या रुग्णांना सरसकट लावली. तेव्हा रुग्णसंख्या अनेक पटींनी वाढली. वेगवेगळ्या खंडांतील पाच केंद्रांच्या २००४ मधील अहवालानुसार पोटॅशियम उतरलेले रुग्ण केंद्रागणिक केवळ ९ ते ३७ टक्के होते. इटलीत तूरिन येथे सर्वसाधारण चिकित्सकांकडे येणाऱ्या १,६७२ रुग्णांच्या २०१७ मधील पाहणीत ५.९ टक्के रुग्णांना हा विकार असल्याचे सिद्ध झाले. दाब जितका तीव्र तितके हे प्रमाण अधिक होते. कॉन यांचा अंदाज पूर्णपणे नसला, तरी पाठ्यपुस्तकांपेक्षा सत्याच्या अधिक जवळ होता.

हा केवळ संख्येचा वाद नव्हता. अल्डोस्टेरोन रक्तदाब वाढविण्याव्यतिरिक्त हृदयाच्या स्नायूत, रोहिण्यांच्या भित्तींत व वृक्कांत दाह व तंतुमयता निर्माण करते. पॅरिस येथे २००५ मध्ये असे १२४ रुग्ण आणि तितकाच रक्तदाब असलेले अज्ञातहेतुक रुग्ण यांची तुलना केली गेली. पहिल्या गटात मेंदूतील रक्तप्रवाह खंडित होऊन होणारा पक्षाघात सु. चौपट, हृद्‌स्नायूचा अभिकोथ (रक्तपुरवठा तुटून होणारा मृत्यू) सु. साडेसहापट आणि अलिंदांचे अनियमित कंपन सु. बारापट अधिक आढळले. म्हणून कोणत्याही गोळीने आकडा खाली आणला म्हणजे झाले, ही समजूत येथे अपुरी पडते. असे असूनही तपासणी क्वचितच होते. अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत २००० ते २०१७ या काळात अनेक औषधांना न जुमानणारा अतिरक्तदाब असलेल्या २,६९,०१० व्यक्तींच्या नोंदी पडताळल्या असता त्यांपैकी फक्त १.६ टक्के व्यक्तींची ही चाचणी झालेली दिसली. अंतःस्राव वैज्ञानिकांच्या अमेरिकेतील संस्थेने २०२५ मध्ये अतिरक्तदाबाच्या सर्व रुग्णांची ही तपासणी करावी, अशी शिफारस केली आहे.

निदान व उपचार : रक्त सकाळी, रुग्ण उठून हिंडूफिरू लागल्यावर सु. दोन तासांनी व काही मिनिटे स्वस्थ बसल्यानंतर घेतात. पोटॅशियम कमी असल्यास आधी भरून काढावे लागते, कारण त्याच्या अभावी अल्डोस्टेरोनही खोटेच कमी दिसते. स्पायरोनोलॅक्टोनासारखी औषधे चार आठवडे थांबविण्याचा प्रघात आहे. मात्र दाब फार असल्यास तसे करणे धोक्याचे असते व चालू औषधांसह चाचणी करून निष्कर्षाचा अर्थ सावधपणे लावतात. संशय कायम राहिल्यास शिरेवाटे चार तासांत दोन लिटर लवणजल देऊन अल्डोस्टेरोन उतरते की नाही ते पाहतात. निरोगी ग्रंथी मिठाचा एवढा मारा झाल्यावर काम थांबविते. स्वैर झालेली ग्रंथी थांबवीत नाही.

यानंतरचा प्रश्न, दोष एका ग्रंथीत आहे की दोहोंत, हा होय. संगणकीकृत क्ष-किरण छेदचित्रण त्यासाठी नेहमीच पुरेसे नसते. निरुपद्रवी गाठी अनेकांत असतात व खरा दोष कधीकधी चित्रात न दिसण्याइतका लहान असतो. म्हणून जांघेतील नीलेवाटे सूक्ष्म नळी सरकवून दोन्ही अधिवृक्क नीलांतील रक्त स्वतंत्रपणे तपासतात. उजवी नीला आखूड असल्यामुळे हे काम कौशल्याचे आहे व मोजक्याच रुग्णालयांत होते. तरुणांना येथे एक सवलत मिळते. वय पस्तिशीच्या आत असून पोटॅशियम आपोआप उतरलेले, अल्डोस्टेरोन खूप वाढलेले व गाठ एकाच बाजूस स्पष्ट असल्यास ही पायरी गाळता येते, कारण या वयात निरुपद्रवी गाठी विरळा असतात.

दोष एकतर्फी असल्यास ती ग्रंथी काढून टाकतात. १९९२ पासून ही शस्त्रक्रिया उदरात दुर्बीण घालून लहानशा छिद्रांतून करता येऊ लागली आहे. उरलेली एक ग्रंथी शरीराच्या गरजा भागविते. बारा केंद्रांतील ७०५ रुग्णांच्या २०१७ मधील अहवालात ९४ टक्के रुग्णांचे हॉर्मोन व पोटॅशियम पूर्ववत झाल्याचे आढळले. परंतु औषधाविना रक्तदाब प्राकृत राहिलेले रुग्ण ३७ टक्केच होते आणि आणखी ४७ टक्क्यांना कमी औषधे पुरू लागली. या दोन आकड्यांतील तफावत अर्थपूर्ण आहे. ग्रंथी काढल्याने हॉर्मोन थांबते, पण वर्षानुवर्षे दाब सोसून ताठर झालेल्या रोहिण्या पूर्ववत होत नाहीत. पूर्ण मुक्ती मिळालेल्यांत तरुणांचे व स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. दोष दोन्ही ग्रंथींत असल्यास अल्डोस्टेरोनाच्या ग्राहींना (हॉर्मोन स्वीकारणाऱ्या प्रथिनांना) अडविणारी औषधे कायम घ्यावी लागतात. त्यांपैकी १९६० च्या सुमारास वापरात आलेले स्पायरोनोलॅक्टोन स्वस्त व गुणकारी आहे. मात्र त्यामुळे तरुण पुरुषांत स्तनवृद्धी व स्त्रियांत मासिक पाळीची अनियमितता उद्‌भवते आणि या कारणाने रुग्ण ते न सांगताच सोडून देतात. एप्लेरेनोनात हे दोष कमी आहेत.

आनुवंशिक प्रकार व ज्येष्ठमध : अर्बुदांच्या कोशिकांतील पोटॅशियमाच्या मार्गाशी संबंधित एका जनुकातील उत्परिवर्तन (आकस्मिक बदल) २०११ मध्ये सापडले. ते तरुणांत व स्त्रियांत अधिक आढळते. ते केवळ गाठीपुरते असते व अपत्यांत उतरत नाही. याउलट १९६६ मध्ये कॅनडातील एका पितापुत्रांत वर्णिलेला प्रकार वंशपरंपरेने चालतो. त्यात दोन शेजारची जनुके एकत्र जुळल्याने अल्डोस्टेरोनाचे उत्पादन पोष ग्रंथीच्या ताब्यात जाते. अशा कुटुंबांत बालपणीच अतिरक्तदाब होतो व ऐन तारुण्यात मेंदूतील रक्तस्राव घडतो. उपचार मात्र आश्चर्यकारकपणे सोपा, म्हणजे डेक्सामेथासोनासारखे स्टेरॉइड अत्यल्प मात्रेत देण्याचा आहे. ग्रँट लिडल यांनी १९६३ मध्ये वर्णिलेल्या विकारात सर्व चिन्हे अल्डोस्टेरोनाधिक्याची, पण अल्डोस्टेरोन नगण्य असते. वृक्कनलिकांतील सोडियमाची द्वारेच सदैव उघडी राहिलेली असतात.

असाच आभास ज्येष्ठमधाने होतो. अल्डोस्टेरोनाच्या ग्राहींना कॉर्टिसॉलही चालते आणि रक्तात ते अल्डोस्टेरोनाच्या शेकडो पट असते. वृक्कातील एक एंझाइम कॉर्टिसॉल निष्क्रिय करून ग्राहींचे रक्षण करते. ज्येष्ठमधातील ग्लिसिऱ्हायझीन हा पदार्थ नेमके हेच एंझाइम रोखतो. नेदरलँड्समधील रेव्हर्स या वैद्याने १९४६ मध्ये जठरव्रणावर ज्येष्ठमधाचा अर्क दिला असता काही रुग्णांच्या अंगावर सूज आली, त्यावरून या परिणामाकडे लक्ष वेधले गेले. मराठी घरांत खोकल्यावर वा बसलेल्या घशावर चार दिवस ज्येष्ठमधाची कांडी चघळण्याने काही बिघडत नाही. ज्येष्ठमधयुक्त चूर्ण वा काढा आठवडेच्या आठवडे रोज घेणाऱ्या रुग्णाचा दाब वाढलेला व पोटॅशियम उतरलेले असेल, तर मात्र ग्रंथींच्या महागड्या तपासण्यांपूर्वी त्याविषयी विचारपूस करावी.

रेनिनाधिक्य : गोल्डब्लॅट यांनी चिमट्याने जे केले ते निसर्गात रोगाने घडते. वृक्क रोहिणी अरुंद झाली की त्या बाजूच्या वृक्काला शरीरातील रक्तच कमी झाल्याचा भास होतो व तो रेनीन सोडीत राहतो. पाश्चात्त्य देशांतील तरुण स्त्रियांत याचे नेहमीचे कारण रोहिणीच्या भित्तीची तंतुस्नायू विकृती हे असते. भारतात त्याहून अधिक महत्त्व आहे ते महारोहिणी व तिच्या शाखांच्या दाहाला. जपानी नेत्रवैद्य मिकितो ताकायासू यांनी १९०८ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले म्हणून त्यास त्यांचे नाव मिळाले. हा दाह मुख्यतः पंधरा ते चाळीस वर्षांच्या स्त्रियांना होतो. हाताच्या रोहिण्याही अरुंद झाल्याने मनगटाची नाडी मंद लागते किंवा लागतच नाही व त्या हातावर मोजलेला रक्तदाब फसवा कमी भरतो. तरुण रुग्णाचा दाब प्रथम भेटीत दोन्ही हातांवर व एका पायावर मोजावा, हा नियम यासाठी आहे. त्याला काही मिनिटांपलीकडे खर्च नाही आणि महारोहिणीचा जन्मजात संकोचही त्यात उघड होतो. रोहिणीत फुगा फुगवून ती रुंद करता येते; ताकायासू विकृतीत मात्र आधी दाह आटोक्यात आणावा लागतो.

मध्यकाचे अर्बुद : ॲड्रेनॅलीन व नॉरॲड्रेनॅलीन सोडणाऱ्या या गाठी विरळ आहेत, पण त्यांना विसरणे महागात पडते. एकाएकी डोके ठणकणे, दरदरून घाम फुटणे व छातीत धडधडणे असे झटके येतात. रुग्ण पांढराफटक पडतो व दाब भयंकर चढतो. झटक्यांमधल्या काळात तपासणी प्राकृत असू शकते, त्यामुळे परीक्षेच्या वा विवाहाच्या चिंतेने त्रस्त झालेले तरुण म्हणून अशा रुग्णांची बोळवण होते. १८८६ मध्ये जर्मनीतील फ्रायबर्ग येथे पहिले वर्णन झाले ते एका अठरा वर्षांच्या मुलीचे होते. तिच्या दोन्ही ग्रंथींत गाठी होत्या. तिच्या नातेवाइकांच्या वंशजांत या विकाराशी निगडित जनुकीय दोष असल्याचे २००७ मध्ये, म्हणजे एकशे एकवीस वर्षांनी, सिद्ध झाले. अशा अर्बुदांपैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक आनुवंशिक असल्याने कुटुंबीयांचीही तपासणी आवश्यक ठरते. रक्तातील वा मूत्रातील मेटानेफ्रीन मोजून निदान करतात. शस्त्रक्रिया (पहिली यशस्वी १९२६ मध्ये लोझॅन येथे, सेझार रू) हाच उपचार होय. पण त्यापूर्वी काही दिवस आल्फा ग्राही अडविणारी औषधे द्यावी लागतात. धडधड थांबावी म्हणून केवळ बीटा ग्राही अडविणारे औषध दिल्यास दाब उलट आणखी उसळतो.

इतर कारणे : पोष ग्रंथीच्या वा अधिवृक्क बाह्यकाच्या अर्बुदामुळे कॉर्टिसॉल वाढले (कुशिंग लक्षणसमूह) म्हणजे चेहरा गोल होतो, पोटावर जांभळट रुंद पट्टे उमटतात, हातपाय बारीक होतात व रक्तदाब वाढतो. व्यवहारात हे चित्र अर्बुदापेक्षा बाहेरून घेतलेल्या स्टेरॉइडांनी अधिक वेळा निर्माण होते. सांधेदुखी, दमा व त्वचारोग यांवर वैद्यकीय सल्ल्याविना चालू राहिलेल्या गोळ्या, तसेच व्यायामशाळांतून स्नायूवृद्धीसाठी घेतली जाणारी पुं-हॉर्मोने यांची चौकशी तरुण रुग्णाजवळ आडपडदा न ठेवता करावी लागते. अवटू ग्रंथीच्या स्रावाधिक्यात वरचा व स्रावन्यूनतेत खालचा आकडा वाढतो आणि मूळ विकार सुधारला की तो बहुधा उतरतो.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी उद्‌भवतात. १९६० मध्ये अमेरिकेत संततिप्रतिबंधक गोळ्यांना मान्यता मिळाली. त्यांतील स्त्रीमदजनामुळे (एस्ट्रोजेनामुळे) यकृतात अँजिओटेन्सिनाचे मूळ प्रथिन अधिक तयार होते व थोड्या स्त्रियांत रक्तदाब वाढतो. गोळी थांबविल्यावर काही महिन्यांत तो सहसा पूर्ववत होतो. म्हणून गोळी सुरू करण्यापूर्वी व नंतर रक्तदाब मोजणे आवश्यक असते. दुसरी गोष्ट गर्भधारणेची. अँजिओटेन्सिनाची साखळी तोडणारी जी औषधे अतिरक्तदाबावर सर्रास दिली जातात, ती गर्भाच्या वृक्कांना अपायकारक असल्याने गरोदरपणात वर्ज्य आहेत. स्पायरोनोलॅक्टोनही पुं-गर्भाच्या लैंगिक वाढीत अडथळा आणण्याच्या शक्यतेमुळे टाळतात. अपत्याची इच्छा असलेल्या तरुण स्त्रीचा अतिरक्तदाब एकतर्फी अल्डोस्टेरोन अर्बुदामुळे असेल, तर गर्भधारणेपूर्वीच शस्त्रक्रिया करणे श्रेयस्कर ठरते. मध्यकाचे अर्बुद गरोदरपणी आढळल्यास आल्फा ग्राही अडविणारी औषधे सुरू करून बहुधा दुसऱ्या तिमाहीत ते काढतात किंवा प्रसूतीनंतरपर्यंत थांबतात. ते न ओळखता प्रसूती झाल्यास माता व अर्भक या दोघांच्याही जिवाला धोका असतो.